दर उन्हाळ्यात टेबलाचा टॉप फाटतो? लांबी भरणं थांबवा

सोलापुरात हे दुखणं जवळजवळ ठरलेलं आहे. दिवाळीच्या आगेमागे जाड फळ्यांचं, फार्महाउस पद्धतीचं डायनिंग टेबल घरच्या घरी तयार होतं: सहा फूट बाय तीन फुटांचा टॉप, साडेतीन इंची चौकोनी पाय, दोन्ही टोकांना आडवी पट्टी. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत सगळं छान. होळी उलटते, हवा कोरडी होते आणि एखाद्या रात्री ‘कट्ट’ असा आवाज येतो. सकाळी टॉपच्या टोकाकडून आत गेलेली वीतभर चीर दिसते. मग भुसा आणि फेविकॉल कालवून केलेली लांबी, म्हणजे फट बुजवायचा लगदा, तिच्यात भरायची, पॉलिशपेपर मारायचा, वरून पॉलिशचा हात. उत्तरा-हस्ताच्या पावसात तीच लांबी उचकटून वर येते आणि पुढच्या एप्रिलात चीर पुन्हा हजर. या वेळी जरा मोठी.

ती मोठी होते ती आपणच भरलेल्या लांबीमुळे. टॉप आक्रसलेला असताना चीर उघडते. त्याच वेळी तिच्यात टणक माल ठासला, की पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला मिटायला जागा उरत नाही. चिरेच्या दोन्ही कडांचे तंतू त्या लांबीवर दाबले जाऊन चेपतात, आणि चेपलेलं लाकूड परत पूर्वीइतकं भरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नेहमीचं आक्रसणं अधिक ही तूट, असा हिशेब होतो. तीन-चार वर्षं इमानेइतबारे लांबी भरली तर अर्ध्या सुताची चीर दोन सुतांची होते. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. खालची मापं बरीचशी सुतातच दिली आहेत, कारण वखारीत आणि सुताराकडे तीच चालतात.)

लाकूड किती हलतं

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीच्या दिशेने त्याचा फरक नगण्य, सहा फुटांत जेमतेम मिलीमीटरभर. रेषांना (म्हणजे तंतूंच्या दिशेला) आडवं मात्र ते चांगलंच हलतं. ओल १ टक्क्याने बदलली, की सागवान रुंदीत साधारण ०.१ ते ०.१८ टक्के हलतं, पाइन ०.२५ टक्क्यांपर्यंत जातं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि दुपारची हवा हाडं वाळवणारी. सप्टेंबरात, आपल्याकडचा खरा पाऊस लागतो तेव्हा, तीच हवा दमट असते. या दोन टोकांच्या मध्ये घरातल्या जाड फळीची ओल साधारण ५ टक्क्यांनी खालीवर होते. तीन फूट म्हणजे सुमारे ९०० मिमी. त्यावर सागवानात ८ मिमीपर्यंत आणि पाइनमध्ये ११ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. अंगठ्याच्या नखाची रुंदी धरा.

पॉलिश, मेलामाइन किंवा पीयूचे (पॉलियुरेथेनचे) चार हात दिले म्हणून हे थांबत नाही, फक्त हळू होतं. म्हणजे टॉप हलणार हे गृहीतच धरायचं. बघायचं ते एवढंच, की त्याला हलायला वाट आहे का. फाटणाऱ्या दहांपैकी आठ टेबलांत ती वाट कोणीतरी स्क्रू, खिळे किंवा फेविकॉल वापरून बंद केलेली असते.

चीर कुठे आहे ते आधी बघा

टेबल उलटं करायच्या आधी पाच मिनिटं नुसतं निरखा.

चीर अखंड फळीच्या मधून गेली असेल, फळ्यांचे सांधे शाबूत असतील आणि चीर टोकाच्या आडव्या पट्टीपाशी किंवा खालच्या, पायांना जोडणाऱ्या चौकटीच्या स्क्रूपाशी सुरू होत असेल, तर टॉप अडकलेला आहे. हे सर्वात जास्त आढळतं.

फट बरोबर सांध्याच्या रेषेवर असेल आणि कडांवर वाळलेल्या फेविकॉलचा चकचकीत थर दिसत असेल, तर चिकटवण्यात चूक आहे. तो भाग पुढे येईल.

मे महिन्यात टॉप मधोमध फुगीर आणि सप्टेंबरात कडा वर उचललेल्या, असं आलटून पालटून होत असेल तर खालची बाजू कोरी ठेवली आहे. वरून पाच हात पॉलिश आणि खाली काहीच नाही, ही आपल्याकडची जुनी काटकसर. उन्हाळ्यात खालची बाजू आधी वाळून आक्रसते, पावसाळ्यात तीच आधी फुगते. वर काच किंवा जाड प्लास्टिक अंथरलं असेल तर दुखणं आणखी वाढतं. वरच्या बाजूला जितके हात तितकेच खाली द्या, आणि प्लास्टिक काढा.

चीर फक्त टॉपच्या टोकाला दोन-तीन इंच असेल, तिथे आडवी पट्टीही नसेल, तर ती फळी विकत आणली तेव्हापासूनची असण्याची शक्यता जास्त. फळीचं टोक मधल्या भागापेक्षा कितीतरी लवकर वाळतं. तेवढं टोक कापून टाकायला हवं होतं.

आणि टेबल नुसतं डुगडुगत असेल, तर ते आधी ९० अंशात फिरवून बघा. डुगडुगणं थांबलं तर दोष शहाबादी फरशीचा आहे, टेबलाचा नाही.

अडकलेला टॉप सोडवणे

जमिनीवर सतरंजी किंवा जुनी सोलापुरी चादर अंथरून टेबल पालथं घाला. हे दोघांचं काम आहे. दीड इंची सागवानाचा सहा बाय तीनचा टॉपच चाळीस किलोच्या घरात जातो.

खालच्या चौकटीच्या पट्ट्यांमधून टॉपमध्ये गेलेला प्रत्येक स्क्रू काढा. तिरपे ठोकलेले खिळे असतील तर पकडीने ओढू नका, टॉपचा कपचा निघेल. चौकट आणि टॉप यांच्या फटीत हॅकसॉचं नुसतं पातं घालून खिळा कापा. पट्टीला फेविकॉल लावून टॉप बसवला असेल तर सांध्यावर हीटगन धरा किंवा ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. पांढरा फेविकॉल उष्णतेने मऊ होतो. मग पातळ पटाशी हळूहळू आत सरकवत जा. एकाच जागी जोर लावला तर सांध्याऐवजी लाकूडच सोलून निघतं.

टॉप सुटला की तो भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकेल. दोन-तीन पट्ट्यांवर आडवा ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागू द्या आणि पंधरा दिवस हात लावू नका. बऱ्याच चिरा या काळात आपोआप निम्म्या होतात. चौकटीने ताणून धरलेला टॉप सैल होतो, त्याचा हा परिणाम.

परत बसवताना लाकडी ठोकळे वापरा. बाजारात आठच्या आकड्यासारख्या आणि झेडच्या आकाराच्या लोखंडी क्लिपा मिळतात, त्याही चालतात. पण ठोकळे सागवानाच्या तुकड्यांतून फुकट होतात आणि आयुष्यभर टिकतात. एक ठोकळा असा: दोन इंच लांब, सव्वा इंच रुंद, एक इंच जाड. त्याच्या एका टोकाला खाच पाडून ४ सूत लांबीची जीभ (पुढे आलेला पातळ भाग) ठेवायची. रेषा जिभेच्या लांबीच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. आडव्या रेषांची जीभ पहिल्याच आवळण्याला तुटून हातात येते. ठोकळ्यात ५ मिमीचं भोक, त्यातून टॉपमध्ये जाणारा स्क्रू. स्क्रूची लांबी मोजून घ्या. टॉप दीड इंची असेल तर त्यात एक इंचापेक्षा जास्त जाता कामा नये.

ही जीभ अडकायला चौकटीच्या पट्टीवर आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून ४ सूत खाली, ५ सूत खोल खाच हवी. ठोकळ्याची जीभ टॉपपासून ४ सुतांऐवजी साडेतीन सुतांवर ठेवा. या अर्ध्या सुतामुळेच स्क्रू आवळला की ठोकळा टॉपला चौकटीवर खेचून धरतो. माप बरोबर ४ सूत घेतलं तर टॉप बसतो, पण हलवला की खडखडतो.

पुढची मेख ऋतूची आहे. लांब पट्ट्यांवर टॉप फुगला की ठोकळा पट्टीकडे सरकतो, आक्रसला की पट्टीपासून दूर जातो. तेव्हा एप्रिल-मे महिन्यात बसवत असाल तर ठोकळ्याचा खांदा (जीभ जिथे सुरू होते ती कड) आणि पट्टी यांच्यात ५ मिमी फट सोडा; पावसाळ्यात टॉप फुगून ती भरून काढेल. सप्टेंबरात बसवत असाल तर जीभ जवळजवळ पूर्ण आत, फट मिलीमीटरभर. दिवाळी ते संक्रांतीत बसवलं तर ३ मिमी. नेटवर जे नकाशे मिळतात ते बहुतेक बंद, वर्षभर सारख्या हवेच्या घरांसाठी काढलेले असतात, त्यांत ही भानगड नसते.

आखूड पट्ट्यांवर हालचाल पट्टीच्या लांबीच्या दिशेने होते, म्हणून तिथे खाच ठोकळ्यापेक्षा एक इंच जास्त लांब ठेवा. प्रत्येक लांब पट्टीला चार ठोकळे, आखूड पट्टीला दोन. आखूड पट्टीच्या बरोबर मधोमध एक स्क्रू थेट आवळून टाका. हा एकच कायमचा. त्यामुळे टॉप दोन्ही बाजूंना सारखाच सरकतो आणि एका बाजूला घसरत जात नाही.

हल्ली चौकोनी लोखंडी पाइपाची वेल्ड केलेली चौकट करून घेण्याची पद्धत आहे. ती लाकडापेक्षा जास्त त्रास देते, कारण लोखंड ओलीने तसूभरही हलत नाही. वेल्डर ६ मिमीची गोल भोकं पाडून देतो. शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून मधलं कानशीने काढा आणि ६ बाय १५ मिमीची लांबट खाच करा. लांबी टेबलाच्या रुंदीच्या दिशेने. खाली रुंद वॉशर. स्क्रू घट्ट झाला की पाव फेरा उलटा सोडा.

टोकाची आडवी पट्टी

फार्महाउस टेबलाला देखणं करणारी आणि तेच टेबल फाडणारी हीच ती पट्टी. टॉपच्या फळ्या रुंदीत ८ मिमी हलतात आणि ही पट्टी त्याच दिशेने लांबीत हलतच नाही. ती पूर्ण रुंदीभर फेविकॉल लावून किंवा तिरपे स्क्रू मारून बसवली, की दोघांपैकी एकाला फाटावंच लागतं. फाटतात त्या फळ्या.

तिरपे स्क्रू असतील तर सोपं आहे: मधले दोन ठेवा, बाकीचे काढा आणि पट्टीखाली दोन्ही बाजूंना एकेक लांबट खाचेची लोखंडी पट्टी मारा. फेविकॉलने चिकटलेली असेल तर ती सर्क्युलर सॉने कापूनच काढावी लागते. मग टॉपच्या टोकाला ४ सूत जाड, एक इंच लांब जीभ काढा आणि नव्या पट्टीत एक इंच एक सूत खोल खाच. दोन्ही टोकांना मिळून टेबल दोन-तीन इंचांनी आखूड होईल, ते सोसा. फेविकॉल फक्त मधल्या तीन-चार इंचांना. तीन लाकडी खुंट्या: मधलीचं भोक नेमकं गोल, कडेच्या दोन खुंट्यांसाठी जिभेतलं भोक दोन्ही बाजूंना ४-४ मिमी लांबट. कडेच्या खुंट्यांना फेविकॉल फक्त खालच्या टोकाला, पट्टीत चिकटण्यापुरता. जिभेला तो लागता कामा नये.

यानंतर मे महिन्यात पट्टी टॉपच्या दोन्ही बाजूंनी चार-चार मिमी बाहेर येईल आणि पावसाळ्यात आत जाईल. बघणारे विचारतील. ते तसंच असायला हवं. त्या वेळी रंधा मारून दोन्ही कडा एक करण्याचा मोह आवरा, नाहीतर सप्टेंबरात पट्टी कायमची तोकडी.

मग चिरेचं काय?

टॉप मोकळा झाल्यावर, पावसाळ्यात चीर पूर्ण मिटली तर तिच्यात फेविकॉल उतरवा (जुनी धातूची फूटपट्टी किंवा दाढीचं पातं आत-बाहेर करत), सॅश क्लॅम्पने (लांब दांड्याच्या शिकंज्याने) दाबा आणि रात्रभर सोडा. लांबी मुळीच नको.

मिटलीच नाही तर दोन मार्ग. फळ्या सरळ रेषांच्या असतील तर चिरेच्या रेषेवरून टॉप उभा कापा, दोन्ही कडा रंधून परत चिकटवा. रुंदी सूत-दीड सूत कमी होते, पण टॉप नव्यासारखा. चीर गाठीभोवतून वाकडीतिकडी गेली असेल, जुन्या वाड्याच्या तुळयांतून काढलेल्या सागवानात असं हमखास होतं, तर डमरूच्या आकाराचा तुकडा बसवा. डमरू चिरेला आडवा, त्याच्या रेषा त्याच्याच लांबीच्या दिशेने, खोली टॉपच्या जाडीच्या निम्मी. एक चिरेच्या शेवटापाशी, दुसरा मधे. चीर दिसते तशी दिसू द्यावी, ती पुढे मात्र सरकत नाही. आमच्या मते जुन्या सागवानावर हे कापून जोडण्यापेक्षा शोभतंही जास्त.

सांधाच उघडला असेल तर

इथे सोलापूरच्या उन्हाचा थेट हात आहे. फेविकॉल लावल्यापासून फळ्या दाबेपर्यंत थंड हवेत दहाएक मिनिटं मिळतात. मे महिन्यात गच्चीवर, तापलेल्या फळीवर, दोन-तीन मिनिटांत वर साय धरते. मग क्लॅम्प कितीही आवळा, दोन सायी एकमेकींना चिकटत नाहीत. फळ्या आदल्या रात्री घरात आणून ठेवा आणि काम पहाटे सहाला करा. पाच सांधे एकदम करू नका: आधी तीन-तीन फळ्यांचे दोन भाग, दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना. सहा बाय तीनच्या टॉपला १००-१५० ग्रॅम फेविकॉल पुरतो. दाबल्यावर सांध्यातून बारीक मण्यांची ओळ बाहेर आली म्हणजे प्रमाण बरोबर. काहीच आलं नाही तर सांधा उपाशी आहे, लगेच उघडून पुन्हा लावा. क्लॅम्प सहा, दर एक-सव्वा फुटाला, एक वरून एक खालून.

फळ्यांच्या कडा जोडताना मधोमध कागदाच्या एक-दोन जाडीइतकी पोकळी ठेवा, टोकं घट्ट. टोकं आधी वाळतात, आधी आक्रसतात, म्हणून सांधा नेहमी टोकाकडून उघडतो. ही बारीकशी कमान त्याला आधीच दाबून धरते.

नवीन टेबल करणार असाल तर

वखारीतला ‘सुका माल’ हा शब्द ऐकून घ्यावा आणि पुढे ओल मोजावी. मीटर नसेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक इंच रुंदीचा आडवा काप काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ओटीजीत (घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये) १०० अंशावर ठेवा आणि तासातासाने वजन घ्या, उतरायचं थांबेपर्यंत. काप १३० ग्रॅमचा होता आणि ११२ वर थांबला, तर १८ भागिले ११२, म्हणजे ओल १६ टक्के. ही फळी आपल्याकडे टेबलाला चालत नाही. ९ ते १० टक्क्यांवर आली की कामाला घ्या. घरात, पंख्याखाली, दर दीड फुटाला इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा. चार ते सहा आठवडे लागतात. गच्चीवरच्या उन्हात ठेवून हे लवकर उरकता येत नाही. बाहेरून वाळतं, आत ओल राहते आणि फळी पीळ खाते.

कारखान्यांतून येणारा पॅकिंगचा पाइन स्वस्त पडतो. त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं दिलेलं. हे किडीसाठी असतं, लाकूड वाळलं असा त्याचा अर्थ नाही, ओल मोजायचीच. एमबी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, जेवणाच्या टेबलाला तो घेऊ नका. बाभूळ पायांना उत्तम, टॉपला नको. बैलगाडीला जे लाकूड पिढ्यान् पिढ्या चाललं ते रंध्याला आणि रुंद फळीला तितकंसं दाद देत नाही.

टेबल कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. दिवसभर एका टोकाला ओल, रात्री कूलर बंद, असं रोज झालं की तेच टोक आधी फुटतं.

काम झाल्यावर टॉपच्या खालच्या बाजूला पेन्सिलने दोन्ही टोकांची आणि मधली रुंदी मिलीमीटरमध्ये लिहा, तारखेसह. मे अखेरीला आणि सप्टेंबर अखेरीला पुन्हा मोजा. सागवानात ४ ते ८ मिमीचा फरक आला तर टॉप मोकळा हलतो आहे. मधे फरक आहे पण एका टोकाला शून्य आलं, तर त्या टोकाला अजून एखादा स्क्रू किंवा फेविकॉलचा ठिपका राहिला आहे. पुढचा एप्रिल यायच्या आत तो शोधून काढा.